दर्याचे बदलते पंचांग

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात बिद्री हे गाव आहे. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या परिसरात वसलेले हे गाव उसाच्या मळ्यांसाठी व सहकारी साखर कारखान्यासाठी सर्वपरिचित आहे. या भागातील पाणी पूर्वेकडे वाहत जाते. दूधगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे तिच्यापलीकडील समुद्राशी आपला काय संबंध, असे येथील एखाद्या मुलाला वाटले, तर त्यात नवल नाही.

परंतु नकाशा उलगडून पाहिला, की निराळीच गोष्ट ध्यानात येते. बिद्रीपासून अरबी समुद्राचे सरळ रेषेतील अंतर शंभर किलोमीटरांहूनही कमी आहे. गावाजवळच्या मुदाळ तिट्ट्यावरून निपाणी-देवगड हा रस्ता जातो. राधानगरी, दाजीपूर ही ठिकाणे मागे टाकून तो फोंडा घाटाने कोकणात उतरतो आणि थेट देवगडच्या बंदराशी जाऊन पोहोचतो. घाटावरील बाजारांत विकावयास येणारे सुके बोंबील, सुकट आणि जवळा हे किनाऱ्यावरूनच आलेले असतात. याहूनही मोठी देणगी समुद्र आकाशमार्गाने पाठवितो. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस होऊन कोसळतात. त्याच पावसाने दूधगंगा भरते आणि त्याच पाण्यावर ऊस पिकतो. सारांश, बिद्रीचा शेतकरी आणि देवगडचा मच्छीमार हे एकाच समुद्राचे आश्रित आहेत. भेद इतकाच, की समुद्रात काही बिघडले तर ते मच्छीमाराला अगोदर कळते.

गेल्या काही दशकांत समुद्रात असे काय बिघडले आहे, आणि त्याचा मच्छीमारांच्या जीवनावर कोणता परिणाम होत आहे, हे समजून घेण्यासाठी त्यांचा जीवनक्रम प्रथम पाहिला पाहिजे.

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभला आहे. उत्तरेस पालघर जिल्ह्यापासून दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यापर्यंत या किनाऱ्यावर कोळी, गाबीत, भंडारी इत्यादी समाजांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आले आहेत. शेतकऱ्याला जसे नक्षत्रांचे ज्ञान असते, तसे मच्छीमाराला दर्याचे ज्ञान असते. त्याचे म्हणून एक पंचांग आहे. ते छापलेले नसते. बाप ते मुलाला समुद्रावरच शिकवितो.

या पंचांगाला दोन आधार आहेत. पहिला आधार चंद्र हा होय. चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाणी अधिक चढते व अधिक ओसरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार मंदावतो. त्यास भांग म्हणतात. भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत कोकणात रूढ आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून त्या दिवशी तीनच्या सुमारास भरती. उत्तर कोकणात डोल नावाचे नरसाळ्याच्या आकाराचे जाळे वापरतात. हे जाळे समुद्रात एका जागी पक्के बांधून ठेवतात व त्याचे तोंड प्रवाहाकडे करतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी हे जीव आपोआप त्यात शिरतात. साहजिकच डोळीच्या मासेमारीचे सारे गणित तिथीवर बसविलेले असते.

दुसरा आधार वारा व ऋतू यांचा. जून-जुलै या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांच्या विणीचाही हाच काळ असतो. म्हणून या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला शासनाची बंदी असते. श्रावणी पौर्णिमेस, म्हणजे नारळी पौर्णिमेस, समुद्राला नारळ अर्पण करून मच्छीमार नव्या हंगामाला आरंभ करतात. पाऊस परतला, वारा निवळला, की ऑक्टोबरपासून पुढे शांत समुद्राचे दिवस येतात. दक्षिणेकडे मालवण, वेंगुर्ले या भागांत तेव्हा किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीतून एक लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे ओढून घेतात. या कामाला अनेक कुटुंबांचे हात लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे त्या साऱ्यांत होतात. हिवाळ्यातील कोरड्या उन्हात स्त्रिया मासळी वाळवितात. पुढे पावसाळ्यात घरातील उत्पन्न थांबते, तेव्हा ही सुकी मासळी त्या घराला आधार देते.

असे हे पंचांग शेकडो वर्षे उपयोगी पडले. आज त्याचा एक आधार पूर्वीसारखाच भक्कम आहे. चंद्र आपला क्रम चुकलेला नाही. पाऊणपटीचे गणित अद्यापि जुळते. परंतु दुसरा आधार डळमळीत झाला आहे. वारा अवेळी सुटतो, पाऊस अवेळी पडतो, आणि मासा नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी सापडेलच याची शाश्वती राहिलेली नाही. याचे एक प्रमुख कारण म्हणजे समुद्राचे पाणी तापू लागले आहे.

समुद्र का तापतो? सूर्याच्या उष्णतेने पृथ्वी तापते आणि ती उष्णता पुन्हा अवकाशात सोडून देते. हवेतील कार्बन डायऑक्साइड व अन्य काही वायू यांपैकी काही उष्णता अडवून धरतात. हिवाळ्याच्या रात्री घोंगडी जशी अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसेच हे कार्य आहे. ही घोंगडी मुळीच नसती, तर पृथ्वी गोठून गेली असती. पण ती गरजेपेक्षा जाड झाली, तरीही अनर्थच होतो. सुमारे दोनशे वर्षांपासून मनुष्य कारखाने, आगगाड्या, मोटारी व वीजकेंद्रे यांसाठी दगडी कोळसा आणि खनिज तेल मोठ्या प्रमाणावर जाळीत आला आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग असत. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत. घोंगडी अशा रीतीने जाड झाली. त्यामुळे १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते.

या अडकून पडलेल्या जादा उष्णतेचे काय होते? तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र आपल्या पोटात घेतो. समुद्राने हा भार उचलला नसता, तर जमिनीवर राहणे आज आहे त्याहून कितीतरी दुःसह झाले असते. पण या उपकाराचे मोल समुद्रालाच द्यावे लागत आहे. हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातील भागात पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी सुमारे एक अंशाने वाढले.

एक अंश ही वाढ फार थोडी आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु माणसाच्या अंगातील उष्णता एका अंशाने वाढली, तरी त्याला ताप भरला असे आपण म्हणतो. बहुतेक माशांना तर स्वतःच्या शरीराची उष्णता कायम राखता येत नाही. पाणी जितके उष्ण, तितकेच त्यांचे शरीर उष्ण. शिवाय घागरभर पाणी एका अंशाने तापविणे निराळे आणि महासागराचा विस्तीर्ण पृष्ठभाग एका अंशाने तापणे निराळे. एवढ्या अफाट उष्णतेतून जी शक्ती निर्माण होते, तिचे पहिले उग्र रूप म्हणजे वादळ.

चक्रीवादळाला बळ मिळते ते उबदार पाण्यापासून. पाण्याचे तापमान सुमारे साडेसव्वीस अंशांहून अधिक असेल आणि इतर स्थिती अनुकूल असेल, तर पाण्याची वाफ होऊन ती वेगाने वर चढते. वर तिचे ढग बनतात तेव्हा वाफेत दडलेली उष्णता मोकळी होते, हवा आणखी वर खेचली जाते, आणि भोवतालचा वारा मधल्या पोकळीकडे गरगरत धाव घेतो. बंगालच्या उपसागरात अशी वादळे वारंवार होत. अरबी समुद्र त्या मानाने शांत समजला जाई. ही स्थिती आता पालटत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्यापूर्वीच्या काळाच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली. ही वादळे समुद्रावर पूर्वीपेक्षा अधिक काळ टिकून राहतात, असेही त्यात आढळून आले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याने हा अनुभव प्रत्यक्ष घेतला आहे. २००९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे मासेमारीच्या ऐन हंगामात, फयान वादळ आले. समुद्रात असलेल्या कित्येक नौका परत आल्या नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग हे वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले; ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतील घरांची छपरे उडविली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. ते गुजरातेत जमिनीवर शिरले. पण जाता जाता त्याने देवगड, मालवण या भागांतील नौका, घरे आणि बागा यांची मोठी हानी केली.

परंतु वादळाची हानी केवळ मोडलेल्या नौकांवरून मोजता येत नाही. २०१९ साल याचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी देशातून मोसमी पाऊस माघारी फिरण्यास ९ ऑक्टोबरला आरंभ झाला. इतका विलंब पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार हे अतिप्रचंड वादळ अरबी समुद्रात उठले. ते शमण्यापूर्वीच महा नावाचे दुसरे वादळ उठले. ही दोन्ही वादळे महाराष्ट्राच्या भूमीवर आली नाहीत. तरीही ज्या दिवसांत समुद्र शांत असावयाचा, त्याच दिवसांत नौका बंदरांत दोरखंडांनी बांधून ठेवाव्या लागल्या.

नौका बांधून ठेवणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. एका फेरीसाठी डिझेल, बर्फ आणि खलाशांचा शिधा यांचा खर्च आधी करावा लागतो. नौकेचा तांडेल दोन दिवसांचा प्रवास करून मासळीच्या ठिकाणी पोहोचतो न पोहोचतो, तोच परत फिरण्याचा इशारा येतो. इशारा मानलाच पाहिजे, कारण प्रश्न प्राणांचा असतो. पण रिकामी नौका परत आली, म्हणून डिझेलचे पैसे परत मिळत नाहीत. खलाशाचा वाटा मासळीवर अवलंबून असेल, तर त्याच्या हाती काहीच येत नाही. पावसाळ्याचे दोन महिने आधीच उत्पन्नावाचून गेलेले असतात. घेतलेले कर्ज ऑक्टोबरच्या मासळीवर फेडावयाचे, अशी योजना असते. ऑक्टोबरच बुडाला, तर शेतकऱ्याच्या हातातोंडाशी आलेले पीक गारपिटीत जावे, तशी त्या घराची स्थिती होते.

समुद्राच्या तापण्याचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. तो पाण्याच्या पोटात घडतो. समुद्राच्या वरच्या थरात वनस्पतिप्लवक नावाच्या अतिसूक्ष्म वनस्पती असतात. शेतात जसे गवत, तशा समुद्रात या वनस्पती. त्यांवर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांवर लहान मासे, आणि लहान माशांवर मोठे. या वनस्पतींना लागणारे खत समुद्राच्या खोल, थंड पाण्यात साठलेले असते. वाऱ्यांमुळे ते पाणी वर येते आणि हे सूक्ष्म रान फोफावते. परंतु वरचा थर फार तापला, की तो हलका होऊन तेलाच्या तवंगाप्रमाणे वरच राहतो. खालचे थंड पाणी वर येण्यास अडथळा होतो आणि खताचा पुरवठा घटतो. पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवकांत सहा दशकांत सुमारे वीस टक्क्यांपर्यंत घट झाली असावी, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले. कुरणच विरळ झाले, तर कळप कसे पुष्ट राहावेत?

काही मासे अशा वेळी आपले स्थान बदलतात. तारली या लहान, तेलकट माशाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पूर्वी या माशाचे मोठे थवे मुख्यतः केरळ व कर्नाटक यांच्या किनाऱ्यालगत आढळत. गेल्या काही दशकांत ते उत्तरेकडे महाराष्ट्राच्या दिशेने आणि पूर्व किनाऱ्यावरही अधिक प्रमाणात दिसू लागले. केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती; २०२१ साली ती चार हजार टनांपेक्षाही कमी मिळाली. हा मासा तेथील गरिबांचे अन्न आणि सामान्य मच्छीमारांचा आधार आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांतील दुःख समजते.

येथे एका गोष्टीबद्दल सावध राहिले पाहिजे. मासळीच्या प्रत्येक तुटवड्याला हवामानबदलच कारण आहे, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तारलीचे प्रमाण पूर्वीही काही वर्षांनी कमी-अधिक होत असे. शिवाय मनुष्याच्या लोभाचाही यात वाटा आहे. प्रचंड आकाराच्या जाळ्यांनी थवेच्या थवे उचलणे, रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणे, बारीक आसाच्या जाळ्यांत पिलेही पकडणे, आणि खाड्यांत कारखान्यांचे सांडपाणी सोडणे, या साऱ्यांनी समुद्र दुबळा झाला आहे. दुबळ्या शरीराला ताप अधिक बाधतो. समुद्राचेही तसेच आहे. रापणीसारख्या पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्यांची अडचण तर दुहेरी आहे. त्यांना मासा शोधीत खोल समुद्रात दूरवर जाता येत नाही. मासा किनाऱ्यापाशी आला तरच त्यांची चूल पेटते.

तिसरा परिणाम किनाऱ्याच्या भूमीवर होतो. पाणी तापले की प्रसरण पावते. शिवाय डोंगरांवरील व ध्रुवप्रदेशांतील बर्फ वितळून ते पाणी समुद्रात येते. त्यामुळे १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरांनी, म्हणजे एका वितीच्या जवळपास, वाढली. चंद्राने ठरवून दिलेल्या वेळीच भरती येते हे खरे. पण आता ती पूर्वीपेक्षा उंच पायरीवरून चढते. मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव एका अरुंद भूमीवर वसले आहे. त्याच्या एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हेही मच्छीमारांचे मोठे गाव अगदी समुद्राला लागून आहे. अशा गावांना उधाणाच्या लाटांचा मारा सोसावा लागतो आणि दगडी बंधाऱ्यांचा आश्रय घ्यावा लागतो. किनारा झिजण्याची कारणे स्थळपरत्वे अनेक असतात. परंतु चढता समुद्र त्या सर्वांना बळ देतो.

अवेळी पडणाऱ्या पावसाचा फटका विशेषतः स्त्रियांना बसतो. बोंबील हा फार पाणीदार मासा आहे. बांबूंच्या मांडवांवर तो टांगून काही दिवस कडक उन्हात वाळवावा लागतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या प्रभावाने मुंबई व उत्तर कोकण या भागांत पाऊस पडला. डिसेंबरात पाऊस येईल, हे कोणत्याही जुन्या पंचांगात नव्हते. अर्धवट वाळलेली मासळी एकदा भिजली, की ती माणसांच्या खाण्याच्या उपयोगाची राहत नाही. अनेक दिवसांचे कष्ट एका रात्रीत मातीमोल होतात, आणि पावसाळ्यासाठी केलेली बेगमीही नाहीशी होते.

मग मच्छीमारांनी हताश होऊन बसावे काय? तसे ते बसलेले नाहीत. जुन्या पंचांगाला नव्या ज्ञानाची जोड देण्याचा प्रयत्न होत आहे. भारतीय हवामान विभाग वादळाची सूचना आता काही दिवस आधी देऊ शकतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हे उपग्रहांच्या साहाय्याने पाण्याचे तापमान व वनस्पतिप्लवकांचा रंग पाहून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, हे मच्छीमारांना कळविते. त्यामुळे शोधण्यात जाणारे डिझेल वाचते. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ पासून आहे. २०२१ साली त्यात सुधारणा करून नियम मोडणाऱ्यांना होणारा दंड वाढविण्यात आला. पिले पकडली जाऊ नयेत म्हणून २०२३ साली शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकार ठरवून दिले. लहान मासा आज समुद्रात सोडला, तर तो वाढतो, अंडी घालतो, आणि पुढील वर्षी जाळ्यात शंभर होऊन येतो. जो शेतकरी बियाणे खात नाही, त्याला हे निराळे सांगावयास नको.

खाड्यांच्या काठी उगवणारी कांदळवने हाही किनाऱ्याचा मोठा आधार आहे. त्यांची गुंतागुंतीची मुळे लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात आणि असंख्य माशांच्या व कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. हवेतील कार्बनही ती मातीत साठवून ठेवतात. पूर्वी ही झाडे निरुपयोगी समजून तोडली जात. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. वेंगुर्ले येथे मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांनी बचत गट स्थापून मांडवी खाडीतील कांदळवने पर्यटकांना होडीतून दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला आहे. ज्या वनाने खाडीला जपले, तेच वन आता घराला हातभार लावू लागले.

तथापि हे सर्व उपाय छत्रीसारखे आहेत. ते पावसापासून वाचवितात. पाऊस थांबवीत नाहीत. मूळ उपाय हवेतील घोंगडी जाड होऊ न देण्याचा आहे. त्यासाठी २०१५ साली पॅरिस येथे जगातील राष्ट्रांनी करार केला. पृथ्वीची तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली राखावी आणि ती दीड अंशावर थोपविण्याचा यत्न करावा, असे त्यात ठरले. यात न्यायाचाही एक प्रश्न आहे. भारतातील एका माणसामागे होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यातही रापण ओढणाऱ्या मच्छीमाराचा वाटा तो कितीसा असणार? तरीसुद्धा शिक्षा प्रथम त्यालाच होते. अपराध एकाचा आणि दंड दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे. म्हणून ज्यांनी अधिक इंधन जाळले, त्यांच्यावर अधिक जबाबदारी येते.

घाटावरील माणसालाही या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही. हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. तापलेल्या समुद्रावरून निघालेले ढग त्यामुळे अधिक भरलेले असतात. १९५० ते २०१५ या काळात गुजरात व महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे व्यापक प्रसंग सुमारे तिपटीने वाढले आणि त्यांना लागणारे बरेचसे बाष्प अरबी समुद्रातून आले, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या महिन्यांतील महापूर कोल्हापूर जिल्हा विसरलेला नाही. एखाद्या विशिष्ट पुराचे सारे खापर हवामानबदलावर फोडणे योग्य नव्हे. पण असे पूर अधिक संभवनीय होत चालले आहेत, एवढे निश्चित. ज्या समुद्राने ऑक्टोबरात मच्छीमाराची नौका अडविली, तोच समुद्र ऑगस्टात शेतकऱ्याचा ऊस बुडवू शकतो.

आणि म्हणूनच उपायांतही घाटावरच्या गावांना वाटा उचलता येतो. साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडापासून वीज तयार करता येते. तेवढा दगडी कोळसा वाचतो. शेतातील पाचट पेटवून देण्याऐवजी सरीत कुजविले, तर जमिनीचा कस वाढतो, ओल टिकते, आणि कार्बनचा काही अंश मातीतच राहतो. विजेचा व इंधनाचा अपव्यय टाळणे आणि सूर्यशक्तीचा उपयोग वाढविणे हे तर प्रत्येक गावाला साधण्यासारखे आहे. एका गावाच्या प्रयत्नाने समुद्र निवणार नाही, हे खरे. पण समुद्र तापला तोही एका गावामुळे नव्हे. असंख्य ठिकाणच्या असंख्य चुलींनी व यंत्रांनी तो तापविला. तो निवविण्याचे कामही तसेच, अनेकांच्या हातांनी होणार आहे.

रापणीचे जाळे एकट्याने ओढता येत नाही. दोन्ही दोरांवर गावातील माणसे उभी राहतात, एकाच ठेक्यावर पाऊल मागे टाकतात, आणि जड जाळे हळूहळू किनाऱ्याकडे सरकू लागते. कोणी दोर सोडला, तर जाळे एका अंगाला कलते आणि मासळी निसटून जाते. हवामान सावरण्याचे काम असेच आहे. त्याच्या एका दोरावर किनाऱ्यावरील गावे कधीच उभी राहिली आहेत. दुसरा दोर घाटावरील माणसांच्या हातांची वाट पाहत आहे.